फटीतून येणारी झळ

उष्णबंदीच्या आठव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, मोनाली वैरागडे बंदीच्या आधीपासून बाल्कनीत वाळत राहिलेली फडकी काढायला गेली आणि दार उघडेना.

कडी निघाली होती. खटका सरकला होता. तिने आधी खांद्याने ढकललं, मग पाय रोवून ओढून पाहिलं. दार भिंतीत चिणल्यासारखं घट्ट होतं. तिने वाकून चौकटीजवळ पाहिलं. दार आणि चौकट यांच्यामधली काळी रेघ गेली होती. तिच्या जागी मधासारखा पिवळट, गुळगुळीत पट्टा वरपासून खालपर्यंत भरून आला होता. नख लावलं तर नख वाकलं.

"अहो," तिने हाक मारली, "जरा इकडे या. दार लागून गेलं."

चंद्रपुरात आता दर मे महिन्यात उष्णबंदी असे. पारा अठ्ठेचाळीसच्या वर राहणार असा अंदाज आला की प्रशासन दहा-बारा दिवस सगळ्यांना घरात थांबायला सांगे. लोक आधीच डाळ-तांदूळ, बटाटे, औषधं भरून ठेवत, दारं-खिडक्या लावून घेत आणि कूलरसमोर दिवस काढत. बाहेर जायचं कारणच नसे. म्हणून आठ दिवसांत वैरागड्यांचं बाहेरचं एकही दार उघडलं नव्हतं.

धनराज आतल्या खोलीतून आला. वीज केंद्र बंद झालं तेव्हा पंचावन्नाव्या वर्षी घरी बसलेला भांडारपाल. भांडारातला एकेक नटबोल्ट तोंडपाठ असलेला माणूस वर्षभर नुसता खिडकीशी बसून होता. मग एके दिवशी मोनाली जुन्या चादरीच्या कडा कापून पायपुसणं विणत होती, तेव्हा त्याने सहज फोनच्या कॅमेऱ्याने ते टिपलं आणि स्वतःच्या आवाजात समजावून सांगितलं. लोकांना आवडलं. त्यातून 'वाया नाही' हे त्याचं चॅनल उभं राहिलं. दुधाच्या पिशव्यांची आसनपट्टी, नारळाच्या शेंड्यांची घासणी, फाटक्या छत्रीच्या कापडाची भाजीची पिशवी, लिंबाच्या साली मुरवून केलेलं भांड्यांचं पाणी. हात मोनालीचे दिसत आणि आवाज धनराजचा असे. चंद्रपूर-गडचिरोलीपासून यवतमाळपर्यंत घरोघरी लोक त्याला 'काटकसरवाले वैरागडे सर' म्हणून ओळखत. पुन्हा ताठ चालायला लागला होता तो, हे मोनालीला दिसत होतं. आवाज कोणाचा, यावरून तिने कधी वाद घातला नाही.

त्याने चौकटीवरून बोट फिरवलं.

"सांधकानं धरलं," तो म्हणाला.

सांधक बाजारात येऊन तीन वर्षं झाली होती. बाटलीतलं पांढुरकं पाणी. त्यात मुद्दाम घडवलेले जिवाणू असत. फुटलेल्या बादलीवर, चिरलेल्या पाटीवर, विरलेल्या कापडावर ते फवारलं की जिवाणू वाळून झोपी जात. फटीत ओल साचली की जागे होत, हवेतली धूळ, कापडाचे तंतू, स्वयंपाकाच्या तेलाची वाफ यांवर जगत आणि चिवट धागा सोडत. धाग्यावर धागा बसून फट भरून येई. त्यांची मुलगी आर्वी पुण्यात ते बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत होती. बादलीची फट भरणाऱ्या या जिवाणूंना बादलीचं तोंड बंद करायचं नाही हे कसं कळतं, असं मोनालीने तिला एकदा विचारलं होतं.

"त्यांना काहीच कळत नाही, आई," आर्वी म्हणाली होती. "प्रत्येक जिवाणू एक वास सोडतो असं समज. उघड्यावर तो वास उडून जातो. चिंचोळ्या जागेत साचतो. वास दाट झाला की सगळे एकदम कामाला लागतात. दोन मिलिमीटरपेक्षा कमी जागा असली की त्यांच्या लेखी ती फटच. मग ती तुटल्याची असो की मुद्दाम ठेवलेली."

मोनालीला ते चांगलं लक्षात राहिलं होतं. कारण त्यानंतर महिन्याभरात, वापरात नसलेल्या डब्यांची झाकणं चिकटून बसली होती. शिवणयंत्राचा खण बसला होता. लोक हसून एकमेकांना सांगत, की सांधकाच्या घरात वस्तू रोज हलवत राहायची.

"पण दाराला कुठून आलं?" तिने विचारलं, आणि विचारताच तिला उत्तर आठवलं.

बंदीच्या आदल्या दिवशी धनराजने घरातल्या सगळ्या दारांच्या नि खिडक्यांच्या कडांना ब्रशने सांधक लावलं होतं. फटीतून झळ येते, ती अडेल, कूलरचं पाणी कमी लागेल. त्याने तसा व्हिडिओही टाकला होता. त्या रात्री आर्वीचा फोन आला होता. "बाबा, दारांना नका लावू. बाटलीवर लिहिलंय तसं." धनराज म्हणाला होता, "अगं, दार काय आपण उघडणारच नाही का? उघडलं की तुटतंय ते." फोन स्पीकरवर होता. मोनाली भाकरी थापत होती. तिने ऐकलं होतं.

दोघांनी मिळून समोरचं दार पाहिलं. ते पत्र्याचं, जाड. तेही बसलेलं. स्वयंपाकघराची खिडकी, न्हाणीघराची झडप, सगळं. खिडक्यांना बाहेरून लोखंडी जाळ्या होत्या.

"उद्यापरवा बंदी उठेल," धनराज म्हणाला. "मग कोणाला तरी बोलावून कापून घेऊ. पाणी आहे, खायला आहे. काही अडून नाही राहिलं."

मोनाली घरातला आवाज ऐकत होती. कूलरचा पंखा फिरत होता, पण रोजची घरघर नव्हती. कोंडल्यासारखा बारीक सूर येत होता. ती खिडकीतल्या कूलरच्या तोंडाशी गेली आणि हात धरला. वारा जेमतेम लागत होता, तोही कोमट.

कूलर बाल्कनीत होता, नळाची नळी जोडलेला, म्हणून पाणी भरायलाही बाहेर जावं लागत नसे. त्याच्या तिन्ही बाजूंना गवताच्या ताट्या असत. त्यांवरून पाणी ओघळे, पंखा बाहेरची हवा त्या ओल्या गवतातून खेची आणि ती थंड होऊन घरात येई. दर उन्हाळ्यात ताट्या बदलायच्या असतात. यंदा त्यांनी बदलल्या नव्हत्या. जुन्या ताट्यांचं गवत झडत होतं, म्हणून त्यावर सांधक मारलं होतं. ती युक्ती मोनालीची. मार्चमध्ये कोरड्या हवेत ते छान धरलं होतं. आता आठ दिवस रात्रंदिवस पाणी, आणि काडी-काडीत दोन मिलिमीटरपेक्षा कमी जागा.

"ताट्या बुजल्या," ती म्हणाली. "हवा येणार कुठून?"

भिंतीवरच्या तापमापकात एकेचाळीस दिसत होतं. एरवी घरात चौतीसच्या वर जात नसे. अजून बारा वाजायचे होते.

तिने आर्वीला फोन लावला. आर्वीने सगळं ऐकून घेतलं आणि तिचा आवाज बदलला. "आई, ते सुरीनं कापलं जाणार नाही. कॉस्टिक सोड्यानं विरघळतं, पण एक दिवस जातो. दार फोडा. सरळ फोडा. आणि मदतीच्या नंबरवर फोन करा."

मदतीच्या नंबरवर एक शांत आवाज सांगत होता, की तुमचा क्रमांक चारशे बारावा आहे.

"चारशे बारावा," मोनाली म्हणाली. "अहो, इतके लोक काहून फोन करून राहिले?"

धनराज पाटावर बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"लोकांनी आपलं पाहून दारांना लावलं असेल," ती म्हणाली. "ताट्यांचाही व्हिडिओ आपणच टाकला होता. सांगायला पाहिजे त्यांना. आत्ताच. अजून ज्यांच्या लक्षात आलं नाही, त्यांनी दारं उघडून पाहावी, नाही उघडलं तर फोडावी."

"थांब."

"थांबून काय—"

"थांब म्हटलं ना, मोना! आधी खात्री करू. आपल्या एका घरचं झालं म्हणून सगळ्यांना घाबरवायचं? उद्या कंपनी म्हणेल आम्ही बाटलीवर लिहिलं होतं. लोक म्हणतील वैरागड्यानं मारलं. एक तास थांब. पहिले आपलं दार उघडू, मग शांतपणे बोलू."

त्याने फोन सदऱ्याच्या खिशात टाकला. चॅनल त्याच्याच फोनवर होतं आणि तो त्याच्याच चेहऱ्याने उघडे. मोनालीकडे स्वतःचा फोन होता, पण त्यावरून सांगायला तिला ओळखत कोण होतं?

तिने एकाला मात्र फोन केला. गोहोकर सर, निवृत्त शिक्षक, बाबूपेठेत एकटे राहत. प्रत्येक व्हिडिओला लांबलचक निरोप पाठवत. 'वैरागडे सर, आपल्या युक्तीने कालपासून झळ पूर्ण थांबली, शतशः आभार,' असा त्यांचा निरोप परवाच आला होता, आणि नेहमीप्रमाणे धनराजच्या नावाने उत्तर मोनालीनेच लिहिलं होतं. त्यांचा नंबर तिच्याकडे होता. रिंग वाजत राहिली. तिने तीनदा लावला.

धनराजने बाल्कनीच्या दाराशी पान्हा, पेचकस, करवतीचं पातं असं सगळं मांडलं आणि कडेने पट्टा खरवडायला घेतला. मोनाली दोनदा म्हणाली, "दार फोडू." दोन्ही वेळा तो म्हणाला, "सागाची चौकट आहे. निघतंय बघ, निघून राहिलं." बोटभर निघालं होतं. घाम त्याच्या कोपरावरून टपकत होता. तिने पाणी दिलं, ते तो प्याला. तिने पंचा ओला करून मानेवर टाकला. हवा हलत नव्हती. घरात भिजलेल्या गवताचा आणि गंजाचा वास भरला होता, आणि दर श्वासाला वाटत होतं, की हा आधी एकदा घेऊन झाला आहे.

पावणेएकला तापमापकात चव्वेचाळीस झाले. मोनाली भिंतीला टेकून बसली होती. तिला वाटत होतं, की उठावं आणि त्याच्या खिशातून फोन काढून घ्यावा. हे इतकं सोपं होतं, आणि तिच्याने होत नव्हतं. तीस वर्षांत तिने त्याच्या हातातलं काही ओढून घेतलं नव्हतं. 'एक तास' म्हणाला होता तो. तास होऊन गेला होता. ती घड्याळाकडे पाहत होती, त्याच्या पाठीकडे पाहत होती, आणि बसून होती.

सव्वाएकच्या थोडं आधी करवतीचं पातं खाली पडलं. धनराजने ते उचललं नाही. तो काहीतरी पुटपुटला. मोनालीला ऐकू आलं, "बिन नंबर सतरा... सतरामध्ये नाही." वीज केंद्राच्या भांडारातलं काहीतरी. त्याचा घाम थांबला होता. तिने कपाळाला हात लावला आणि हात मागे घेतला. कातडी कोरडी होती, तव्यासारखी.

मग ती उठली.

ओट्याखालून तिने पाट्याचा वरवंटा ओढून काढला. दाराचा खालचा भाग प्लायवूडचा होता. पहिला घाव फळीवरून घसरला आणि तिचं मनगट सणकून गेलं. दुसऱ्याने भोक पडलं. मग ती मोजत बसली नाही. चिरफळ्या हातांनी ओढल्या, तळहात फाटला. एका माणसापुरती वाट झाली तेव्हा ती पोटावर सरपटत बाहेर गेली.

बाहेर ऊन अंगावर कोसळलं. बाल्कनीची फरशी गुडघ्यांना भाजत होती. कूलरची पहिली ताटी तिने खेचली, ती फळीसारखी एकसंध निघाली, अख्खी, पिवळी, चकचकीत. तिच्यातून प्रकाशसुद्धा येत नव्हता. दुसरी. तिसरी. मग दाराच्या भोकातून आत हात घालून तिथे पडलेली गव्हाची दोन रिकामी पोती ओढली, उसवून कूलरला गुंडाळली, सुतळीने बांधली. पाणी पोत्यांवरून उतरायला लागलं. पंख्याचा सूर खाली आला, मग रोजची घरघर सुरू झाली. तो आवाज ऐकून तिला रडू फुटलं, पण रडायला ती थांबली नाही.

धनराजला तिने बगलेत धरून कूलरसमोर ओढलं, सदरा कापला, ओली चादर टाकली, बादलीतलं पाणी तांब्यातांब्याने ओतत राहिली. सदऱ्याच्या खिशातला फोन तिच्या मांडीशी पडला होता. दहा मिनिटांनी त्याच्या पापण्या हलल्या.

तिने फोन उचलून त्याच्या तोंडासमोर धरला.

"डोळे उघडा," ती म्हणाली. "अहो, माझ्याकडे बघा. डोळे उघडा."

त्याला वाटलं असेल, ती आपल्याला परत बोलावते आहे. त्याने डोळे उघडले आणि तिच्याकडे पाहिलं. फोन उघडला.

त्या दिवशी 'वाया नाही'वर पहिल्यांदा हातांच्या मागचा चेहरा दिसला. मोनालीने काहीही जुळवलं नाही. "मी मोनाली वैरागडे बोलून राहिली. दारांना सांधक लावायचं आम्ही सांगितलं, ते चुकीचं होतं. आत्ता उठा, दार उघडून पाहा. उघडलं नाही तर फोडा. काच असेल तर काच फोडा. कूलरच्या ताट्या काढून टाका, ओलं पोतं बांधा, ओली सतरंजी बांधा. सामानाचा विचार करू नका. शेजारी एकटं कोणी असेल तर हाक मारा." तिने ते तीनदा सांगितलं. घड्याळात पावणेदोन झाले होते.

संध्याकाळी अग्निशमनवाल्यांनी पत्र्याचं दार चाकाने कापलं आणि धनराजला रुग्णालयात नेलं. त्यांच्यातला एकजण म्हणाला, की दुपारनंतर कितीतरी घरांतून लोक स्वतःच बाहेर आलेले सापडले. दारं फोडून, जिन्यांत, पोर्चमध्ये बसलेले.

गोहोकर सर त्यांत नव्हते. डॉक्टरांच्या अंदाजाने ते एक ते दोनच्या दरम्यान गेले होते.

बंदी उठल्यावर चौथ्या दिवशी चौकशीसाठी रागिणी मून नावाच्या अधिकारी बाई रुग्णालयात येणार होत्या. त्या येण्याआधी धनराजने मोनालीला खाटेजवळ बसवलं. मूत्रपिंडांना धक्का बसला होता, आवाज बारीक झाला होता, पण डोकं साफ होतं.

"ती विचारेल कल्पना कोणाची," तो म्हणाला. "तू म्हण, माझी."

मोनालीला आधी समजलं नाही.

"सगळ्या वाडीला माहीत आहे, युक्त्या तुझ्याच असतात. अन् तूच म्हणाली होती ना, बाल्कनीच्या फटीतून झळ येते, डोकं फुटून राहिलं म्हणून? तुझ्यासाठीच लावलं मी. ताट्याही तुझ्याच. बाईमाणसावर ते फार ताणत नाहीत. माझं नाव आलं तर..." तो थांबला. "मी पुन्हा त्या खिडकीत जाऊन नाही बसू शकत, मोना."

त्यात खोटं एकही वाक्य नव्हतं. तिने तसं म्हटलं होतं. त्याने तिच्यासाठीच लावलं होतं, कपाळाला बाम चोळून दिल्यावर, ब्रश घेऊन, गुडघे टेकून. ताट्या तिच्याच होत्या. ज्या युक्त्यांसाठी तीन वर्षांत कुणी तिचं नाव घेतलं नाही, त्या आज तो तिला एकदम परत देत होता. 'नाही' म्हणायला ती जागा शोधत होती, आणि प्रत्येक बाजूने तिचंच काहीतरी चिकटलेलं होतं.

रागिणी मून आल्या. चाळिशीच्या, थकलेल्या. व्हरांड्यातल्या बाकावर त्यांनी मोनालीला शेजारी बसवलं आणि वही उघडली.

"व्हिडिओतला आवाज तुमच्या मिस्टरांचा. ते म्हणतात, कल्पना तुमची. बरोबर?"

मोनालीच्या तळहाताची पट्टी ओली झाली होती. तिने ती दुसऱ्या हाताने दाबून धरली.

"फटीतून झळ येते, असं मी म्हटलं," मोनाली म्हणाली. "दारं चिकटवा असं नाही म्हटलं. ते त्यांनी केलं, त्यांनीच सांगितलं. हे लिहा."

रागिणीबाईंनी लिहिलं.

"मुलीनं फोनवर नको म्हटलं, ते मी ऐकलं होतं. बोलले नाही. तेही लिहा. कूलरच्या ताट्यांना सांधक मारायचं मीच काढलं होतं. ते माझ्या नावावर लिहा. अन् दार बसलंय हे कळल्यावर लोकांना लगेच सांगायला पाहिजे होतं. ते थांब म्हणाले आणि मी थांबले. दोन तास. फोन खिशात होता, हात लांब करायचा होता फक्त. मी केला नाही."

"एवढं सगळं सांगायची गरज नाही, बाई," रागिणीबाई हळूच म्हणाल्या. "तुमच्यावरही येईल."

"अर्धं सांगून नाही जमणार. पायपुसणं, घासणी, छत्रीची पिशवी, बाकीचं जे जे लोक वापरून राहिले, तेही माझंच आहे. पाहिजे तर तेही लिहा."

रागिणीबाईंनी जबाब वाचून दाखवला. मोनालीने सही केली, एक प्रत मागून घेतली आणि आत गेली.

धनराज दाराकडेच पाहत होता. "काय सांगितलंस?"

ती खाटेजवळच्या स्टुलावर बसली आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत कागद वाचला. आवाज चढवला नाही, काही गाळलं नाही. मध्येच त्याने डोळे मिटले. तिला वाटलं, आता तो तोंड फिरवेल. वाचून संपल्यावरही तो तसाच पडून होता. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला नर्स उठवून बसवत होती.

"दोन तास नव्हते," धनराज म्हणाला.

"मग?"

"पावणेतीन. अकराला तू हाक मारली. पावणेदोनला तू बोलली." भांडारातली चुकीची नोंद त्याला कधी सहन झाली नव्हती. "पावणेतीन तास होते, मोना. अन् तू दोनदा म्हणाली होती दार फोडू. ते नाही लिहिलंस तू."

मोनालीने कागदाकडे पाहिलं. ते खरंच राहून गेलं होतं.

"रागिणीबाई अजून खालीच असतील," ती उठत म्हणाली. "बोलावते. ते तुम्हीच सांगा त्यांना."

तो नको म्हणाला नाही. कोपरावर भार देऊन त्याने उठून बसायचा प्रयत्न केला, तेव्हा तिने पाठीमागे उशी सरकवली आणि जिन्याकडे निघाली.